दहावीत जाणारी मुलगी, फोनवरचे संदेश आणि घरातले बोलणे : सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका बंदरगावातील कुटुंबाचे आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत, आणि माझ्या समुपदेशनाच्या कामात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून कुटुंबाचे तपशील मुद्दाम बदललेले आहेत. वडील यांत्रिक मासेमारी नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, आहेत, आई सकाळी लिलावातून मासळी उचलून बाजारात विकते, घरात वडिलांची आई आहे, पंधरा वर्षांची मुलगी नववी उत्तीर्ण होऊन दहावीत जाणार आहे आणि तिचा धाकटा भाऊ बारा वर्षांचा आहे. आईचे शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे. घरातील पैशांचा सगळा हिशेब मात्र तीच ठेवते, आणि पुढे जे घडले त्यात तिच्या या व्यवहारी स्वभावाचा मोठा वाटा आहे.

मे महिन्याच्या मध्याला आई मुलीला घेऊन ग्रामीण रुग्णालयातील मैत्री क्लिनिकमध्ये आली. केंद्र सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला, त्याअंतर्गत दहा ते एकोणीस या वयोगटासाठी चालवली जाणारी ही क्लिनिके महाराष्ट्रात मैत्री या नावाने ओळखली जातात. केसपेपरवर तक्रार ‘पाळी लांबली’ एवढीच लिहिलेली होती. मुलीला बाहेर बसवून आईने दार लोटून घेतले आणि खरे कारण सांगितले. मुलीच्या फोनवर शेजारच्या वाडीतील सतरा वर्षांच्या मुलाचे संदेश सापडले होते, दोघे दोनदा जेटीवर बसलेले कोणीतरी पाहिले होते, आणि त्यातच पाळीला चाळीस दिवस होऊन गेले होते. तिची मागणी एकच होती : “मॅडम, तेवढा तपासून सांगा, म्हणजे माझो जीव थंड होतलो.”

आई ज्या तपासणीची मागणी करत होती, तशी कोणतीही तपासणी वैद्यकशास्त्रात नाही. योनिपटलाच्या स्थितीवरून शरीरसंबंध झाला की नाही हे ठरवता येत नाही, आणि ज्याला दोन बोटांची चाचणी म्हणतात, ती लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतही करू नये असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तणुकीस दोषी धरली जाईल असे स्पष्ट केले. हे सर्व आईला सोप्या शब्दांत सांगितले, तरी तिचा चेहरा उतरलाच, कारण तिला माहिती नको होती, सुटका हवी होती. चाळीस दिवसांबद्दल मात्र तिला लगेच दिलासा देता आला. मुलीची पाळी दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली होती, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत दोन पाळ्यांमधले अंतर एकवीस ते पंचेचाळीस दिवस असू शकते. नव्वद दिवसांपर्यंत पाळी आली नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवावेच लागते. आपल्याकडे अठ्ठावीस दिवसांचा हिशेब इतका पक्का बसलेला आहे की वाढत्या वयातील मुलींच्या आया दोन दिवस वर गेले तरी धास्तावतात, आणि त्या धास्तीचा अर्थ मुलींना बरोबर कळतो.

त्यानंतर मुलीशी एकटीशी बोलणे झाले. बोलणे सुरू करण्यापूर्वी गोपनीयतेची मर्यादा तिला सांगितली, आणि हा भाग कोणत्याही समुपदेशकाने घाईत उरकू नये असे माझे मत आहे. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिची संमती कायद्याला मान्य नाही, आणि असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते त्याने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न कळवणे हाही गुन्हा आहे. ‘तू मला काहीही सांग, कोणालाही कळणार नाही’ असे आश्वासन देऊन मुलीला बोलते करणे आणि मग पोलिसांकडे जाणे हा विश्वासघात ठरतो. म्हणून तिला सांगितले की बहुतेक गोष्टी या खोलीतच राहतील, परंतु कोणी तिला त्रास दिला असेल किंवा तिच्याशी शरीरसंबंध ठेवले असतील, तर ते मला पुढे कळवावे लागेल, आणि तसे करण्याआधी मी तिला ते सांगेन. तिने हे शांतपणे ऐकले आणि थोड्या वेळाने स्वतःहून सांगितले की तसे काहीही झालेले नाही. दोघे जेटीवर बसून बोलले होते, रात्री संदेश चालत होते, आणि अलीकडे तो ‘फक्त माझ्यासाठी’ म्हणून एक फोटो मागत होता. साधाच फोटो, असे तोही म्हणत होता आणि तीही. तिने पाठवला नव्हता, पण नाही असेही सांगितले नव्हते.

तिला काय ठाऊक आहे याचाही अंदाज घेतला. पाळी लांबल्यामुळे तिने फोनवर शोध घेतला होता आणि आपल्याला मोठा आजार आहे असे तिच्या मनाने घेतले होते. आई ज्या कारणाने घाबरली होती, ते कारण मुलीच्या मनातही नव्हते. बहात्तर तासांच्या गर्भनिरोधक गोळीचे नाव तिला जाहिरातीमुळे माहीत होते, परंतु ती रोजच्या वापराची गोष्ट आहे असा तिचा समज होता. एकदाच संबंध आला तर दिवस जात नाहीत, हेही तिने मैत्रिणींकडून ऐकले होते. म्हणजे माहिती तिच्यापर्यंत पोहोचत होतीच, आणि ती अर्धवट होती. घरात हा विषय निघत नसे, आणि ‘तू अजून लहान आहेस’ एवढेच उत्तर मिळत असे.

पुढचे काम आईबरोबर होते, आणि या प्रकरणातील खरा विषय तोच आहे. आईला वाटत होते की आपल्याला माहिती कमी आहे म्हणून बोलता येत नाही. “माका माझ्या आवशीन कधी काय सांगूक नाय, मग मी हिका खंयच्या तोंडान सांगू?” हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. माझा अनुभव मात्र असा आहे की पालकांना अडवणारी पहिली गोष्ट भीती असते, माहितीची उणीव त्यानंतर येते. घाबरलेली आई विचारते तेव्हा त्या विचारण्याची चौकशी होते. चौकशीत मूल शिक्षेचा अंदाज घेऊन उत्तर देते, आणि शिक्षा टाळण्याचा सर्वात सोपा मार्ग गप्प राहणे हा असतो. या घरात शिक्षा आधीच जाहीर झाली होती : फोन काढून घेतला होता, आणि मुंबईला विक्रोळीत राहणाऱ्या मामाकडे पाठवून देण्याची भाषा आजीने सुरू केली होती. अशा वेळी मुलीने तोंड उघडावे तरी कशासाठी?

म्हणून माहितीचा एकही मुद्दा शिकवण्याआधी आईला तीन गोष्टी ठरवायला सांगितल्या. मुलीने काही सांगितले तर त्याच दिवशी कोणतीही शिक्षा द्यायची नाही. तिचा फोन लपून वाचायचा नाही. त्याऐवजी रात्री घरातले सगळे फोन, आईचाही धरून, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचे. आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर तसे सांगायचे. तिसरी गोष्ट तिला सर्वात अवघड वाटली. आईने ‘मला माहीत नाही’ म्हटले की मुलांपुढे तिची पत जाते, अशी तिची समजूत होती. यावर बराच वेळ गेला. अखेर तिने तिच्याच बोलीत दोन वाक्ये बांधली, आणि ती तिच्याकडून तिथेच मोठ्याने म्हणवून घेतली : “बाय, मी रागवाक नाय, माका भीती वाटली. तुका काय इचारूचा आसला तर माका इचार. माका ठावक नसला तर आपण मॅडमांका इचारूया.” पुस्तकी मराठीत ‘लैंगिक आरोग्याविषयी मोकळा संवाद’ वगैरे शब्द पाठ करायला लावले असते, तर ती घराच्या उंबऱ्यापर्यंत जाईतो विसरली असती.

पहिला प्रयत्न फसला. आईने सुरुवात नीट केली, परंतु पुढे तिने गावातील एका मुलीचे काय झाले, तिच्या आईबापांना कशी मान खाली घालावी लागली, ही हकिगत सांगितली, आणि मुलगी उठून आत गेली. भीतीची गोष्ट सांगितली की मूल सावध होईल असे मोठ्यांना वाटते. मुलाला मात्र त्यातून एवढेच कळते की असे काही घडले तर आपले आईवडील आपल्या बाजूने उभे राहणार नाहीत. दुसऱ्या भेटीत आईला हे समजावताना फार बोलावे लागले नाही, कारण मुलगी आत का गेली हे तिला स्वतःलाच उमगले होते.

दुसऱ्या वेळी कोलंबी सोलताना बोलणे निघाले. दोघींचे हात कामात होते, नजरेला नजर देण्याची सक्ती नव्हती, आणि बोलणे नको वाटले तर गप्प राहून काम करत राहता येत होते. समोरासमोर बसवून घेतलेल्या ‘महत्त्वाच्या’ बोलण्यापेक्षा असे कामाच्या आडोशाने झालेले बोलणे अधिक टिकते, हे किनाऱ्यावरील घरांत मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. इथे मुलीने पहिला प्रश्न विचारला, आणि तो शरीराबद्दल नव्हता : “आये, फोटो दिलंय नाय तर तो बोलूचो बंद होतलो?” आईला उत्तर सुचले नाही. तिने ठरल्याप्रमाणे तसे सांगितले, आणि दोघी पुन्हा क्लिनिकमध्ये आल्या.

या प्रश्नावर जे बोलणे झाले ते थोडे विस्ताराने नोंदवण्यासारखे आहे. पाठवलेला फोटो आपल्या हातात राहत नाही, हे मुलीला ठाऊक होते. तो धोका तिला पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. आज साधा फोटो मागणारा उद्या आणखी काही मागू शकतो, आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीचे अश्लील चित्र काढणे, बाळगणे किंवा पाठवणे हा पॉक्सो व माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, एवढे स्पष्ट करून पुढे गेलो. तिला अडचण वाटत होती ती नाही म्हणण्याची. तिला तो आवडत होता, आणि त्या आवडीला चुकीचे ठरवण्याचे कारण कोणालाच नव्हते. तिला विचारले की तुझ्या मैत्रिणीने तुझ्याकडे एखादी वस्तू मागितली आणि तू दिली नाहीस, तर ती बोलणे बंद करील का, आणि केले तर तुला त्या मैत्रिणीबद्दल काय वाटेल. तिने उत्तर दिले नाही, पण नकाराचे वाक्य तिने स्वतः तयार केले : ‘मला फोटो पाठवायचे नाहीत, पुन्हा विचारू नको.’ आईने त्या वेळी मध्ये काही म्हटले नाही. तिला ‘आणि त्याच्याशी बोलूही नको’ हे जोडायचे होते असे तिने नंतर सांगितले. ते जोडले असते, तर मुलीने पहिले वाक्यही टाकून दिले असते असे मला वाटते.

जून उजाडला आणि मासेमारी बंदीचा काळ सुरू झाला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात जाण्यास मनाई असते, आणि वर्षातील बाकीचे महिने घरापासून दूर असणारे वडील या काळात सलग घरी असतात. कोकणातील पालकांबरोबर काम करणाऱ्याने हे वेळापत्रक ध्यानात घ्यावे. मुंबईला नोकरीला असलेल्या वडिलांसाठी गणपती आणि शिमगा हेच काय ते दिवस असतात, आणि त्या गर्दीत गंभीर बोलण्याला जागा मिळत नाही. या घरातील आईने वडिलांना सर्व सांगायचे की नाही, यावर दोन भेटी खर्च झाल्या. लपवले आणि उद्या दुसऱ्या कोणाकडून कळले तर मुलगी आणि आई दोघीही एका बाजूला पडतील, हे तिच्याच बोलण्यातून निघाले, म्हणून तिने सांगितले. पण आधी मुलीला सांगून.

वडिलांची पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे मुलाच्या घरी जाऊन जाब विचारण्याची होती. नात्यातील एका गृहस्थांनी दोन वर्षांत चांगले स्थळ पाहण्याचे सुचवले. ते दोघे क्लिनिकमध्ये आले तेव्हा कायद्याची बाजू त्यांच्यापुढे मांडली : मुलगाही अठरा वर्षांखालील, म्हणजे कायद्याने बालकच, आणि अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावले तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने लग्न ठरवणारे व लावून देणारेही दोषी ठरतात, त्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गृहस्थ गप्प झाले. वडिलांना कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट पटली. मुलाच्या दारात जाऊन आरडाओरड केली तर आज दोघातिघांना माहीत असलेली गोष्ट संध्याकाळी गजालींत, म्हणजे गप्पांत, सगळ्या गावाला माहीत होणार, आणि ते मुलीलाच भोगावे लागणार, हे त्यांना क्षणात समजले. बंदरावरचा माणूस बातमी कशी पसरते हे जाणतो.

वडिलांचा खरा आक्षेप नंतर पुढे आला, आणि तो सुशिक्षित पालकही घेतात. मुलीला निरोध, गोळ्या, संसर्ग यांविषयी सांगणे म्हणजे तिला परवानगी देणे नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर टाळू नये. युनेस्कोने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित मार्गदर्शिकेत उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन म्हटले आहे की शास्त्रशुद्ध लैंगिकता शिक्षणामुळे किशोरवयीनांतील लैंगिक व्यवहार किंवा जोखीम वाढत नाही. वडिलांना हे सांगितले, आणि सोबत हेही सांगितले की रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावरही असेच आक्षेप घेतले गेले होते. दापोलीजवळच्या मुरुडचे हे घराणे; कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, तेही खटले आणि टीका सोसून. आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी हे काम केले, हे ऐकून वडिलांना आश्चर्य वाटले. त्याने त्यांचे मत बदलले असा माझा दावा नाही. पण हा विषय बाहेरून आलेला आहे ही तक्रार त्यांनी पुन्हा केली नाही.

काय सांगायचे आणि कोणी सांगायचे, याची वाटणी त्यानंतर झाली. आईने एक मार्ग स्वतः शोधला, तो मला फार आवडला. शाळा सुरू होऊन पुस्तके हातात आल्यावर तिने दहावीच्या विज्ञान भाग २ मधील सजीवांच्या जीवनप्रक्रियांचा धडा मुलीकडून मोठ्याने वाचून घेतला. त्यात मानवी प्रजनन संस्था आणि ऋतुचक्र आकृत्यांसह दिलेले आहे. मुलगी वाचत होती, आई विचारत होती. शिकवणारी मुलगी होती, त्यामुळे लाजेचा अर्धा भार उतरला. जे धड्यात नव्हते ते आरोग्यसेविकेने सांगितले : एका संबंधानेही दिवस जाऊ शकतात, निरोध गर्भधारणा आणि संसर्ग या दोन्हींपासून संरक्षण देतो, आपत्कालीन गोळी संबंधानंतर जितकी लवकर तितकी चांगली आणि बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते, ती नेहमीचे साधन नाही आणि तिच्यामुळे संसर्ग टळत नाही. कोणी जबरदस्ती केली तर १०९८ या बालकांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करता येतो, हेही त्यात आले.

‘आणि तसे काही घडलेच असते तर?’ हा प्रश्न आईने एकटी असताना विचारला. अठरा वर्षांखालील मुलीचा गर्भपात कायदेशीर आहे, त्यासाठी पालकाची लेखी संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि अल्पवयीन मुलींसह काही गटांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरते. पोलिसांना कळवावे लागते, परंतु मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटले आहे. नाव फुटेल या भीतीने घरगुती काढ्यांकडे आणि अप्रशिक्षित माणसांकडे वळणारी कुटुंबे असतात, आणि धोका तिथे सर्वात मोठा असतो. म्हणून ही माहिती गरज नसतानाच पालकांकडे असावी.

धाकट्या मुलाचा विषय मीच काढला. घरात मुलीवर एवढी चर्चा चालू असताना त्याच्याशी कोणीही काही बोलले नव्हते, आणि पाच वर्षांनी तोच कोणाकडे तरी फोटो मागणार नाही कशावरून? वडिलांना हे टोचले. आवाज फुटणे, झोपेत वीर्यस्खलन होणे या गोष्टी नैसर्गिक आहेत, त्याने शक्ती जात नाही, एवढे तरी त्यांनी मुलाला सांगावे असे ठरले, आणि सोबत हे की कोणी नको म्हटले की थांबायचे. जाळी दुरुस्त करताना त्यांनी ते सांगितले. किती सांगितले हे मला माहीत नाही. मुलगा हसून पळाला, असे आईने कळवले, आणि दोन दिवसांनी त्याने वडिलांना दाढी कधी येते ते विचारले.

ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात गेल्या तोपर्यंत मुलीची पाळी दोनदा आलेली होती. तिने फोटो पाठवला नाही. मुलगा काही दिवस रुसला, मग पुन्हा संदेश येऊ लागले, आणि ती त्याच्याशी अजूनही बोलते. आईला ते आवडत नाही, पण तिला ते ठाऊक आहे. मामाकडे पाठवण्याची भाषा थांबली. आजी पाळीच्या दिवसांत मुलीला वेगळे बसवते, ते मात्र तसेच चालू आहे, आणि त्याला हात घालण्याची आईची तयारी नाही.

या प्रकरणात एक बाजू कोरीच राहिली. त्या सतरा वर्षांच्या मुलाशी कोणी बोललेले नाही. त्याचे आईवडील क्लिनिकमध्ये आलेले नाहीत, आणि मुलीच्या कुटुंबाच्या संमतीशिवाय त्यांच्याकडे जाणे योग्य नव्हते. त्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मुलग्यांसाठी स्वतंत्र सत्र घेण्याची परवानगी प्राचार्यांकडे मागितली आहे, त्यात कोणत्याही घराचा उल्लेख नसेल, आणि ते सत्र पुरुष समुपदेशक घेतील.